कुकडीच्या काठाने दोन दिवस: दगड कसा बघायचा, गोष्ट कुठे ऐकायची

पुण्याला आलेल्या पाहुण्याला सांगितलं की आपण ज्वालामुखीच्या दगडावर राहतो, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग त्याचं तोंड कुठंय?" तोंड शोधत फिरू नका. आपल्याकडे एखादा शंकूसारखा डोंगर फुटलेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वाहिला, थिजला, त्याच्यावर पुन्हा दुसरा आला. आज त्या थरांनी जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख झाकलाय. बघायचे ते हे थर, आणि पाण्याने त्यांचं काय केलं ते. आणि जिथे दगडाने काही वेगळं रूप घेतलंय, तिथे आपल्या लोकांनी देवीचं ठाणं केलंय किंवा गोष्ट रचलीय. दोन्ही एका फेरीत बघायचं असेल तर कुकडी नदी धरा.

निघण्याआधी तीन शब्द शिकून घ्या. माझे वडील शिरूर तालुक्यात विहिरी खोदायचे, त्यांच्या तोंडचे आहेत. एकसंध, घण मारला की खणखणणारा तो काळा पाषाण. बारीक भोकांचा, पहारीला लवकर दाद देणारा तो मांजऱ्या. आणि दोन थरांच्या मध्ये लालभडक माती लागली की तो गेरू. एक लाव्हा थिजल्यावर दुसरा येईपर्यंत पृष्ठभाग उघडा पडून कुजला, त्याची ती माती. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे गाडी बाजूला घेऊन गेरूची रेघ शोधा. ती सापडली की पुढचे दोन दिवस डोंगर वाचता येतो.

स्वतःची गाडी हवी, एसटीने ही सगळी ठिकाणं दोन दिवसांत होत नाहीत. पहाटे साडेपाचला निघा, नगर रस्त्याने शिरूर, तिथून निघोज. ऊन चढायच्या आत रांजणखळग्यांपाशी पोचायचंय. एका काठाला पुणे जिल्ह्यातलं टाकळी हाजी, पलीकडे पारनेर तालुक्यातलं निघोज, आणि मधल्या पात्रात काळ्या पाषाणाला पडलेले शेकडो रांजण. काही परातीएवढे, काहींत उभा माणूस दिसेनासा होईल. एका कोरड्या खळग्याशी गुडघे टेकून बसा आणि आतल्या कडेवरून हात फिरवा. घरच्या जुन्या उखळाचा गुळगुळीतपणा हाताला लागेल. तळाशी बघा, गोटे पडलेले असतात. पुराच्या भोवऱ्यात हेच गोटे गरगर फिरले आणि त्यांनी जात्यासारखा पाषाण दळला. मग बाटलीतलं थोडं पाणी कडेच्या दगडावर ओता. दगड ओला झाला की पांढरे ठिपके उठून दिसतात. लाव्ह्यातल्या वायूचे ते बुडबुडे, नंतर खनिजांनी भरलेले. उकरून काढू नका, तिथेच राहू द्या.

इथे देवी मळगंगा. माझी आजी सांगायची, चैत्रातल्या यात्रेत बारवेतून घागर आपोआप वर येते. सांगताना ती दर वेळी हात जोडायची. ही गोष्ट फलकावर वाचण्यापेक्षा देवळाच्या पायरीवर बसलेल्या एखाद्या म्हातारीला विचारा. "आजी, घागर कशी येते हो?" एवढं म्हणा आणि गप्प बसून ऐका.

दोन सूचना मनापासून. कुकडी प्रकल्पाच्या धरणांतून पाण्याचं आवर्तन सुटलेलं नाही ना, हे गावात फोन करून विचारून घ्या. दोन वर्षांपूर्वी मी मेहुण्याला घेऊन गेलो तर पात्र दुथडी वाहत होतं, एकही रांजण दिसला नाही. आणि भरलेल्या खळग्यात पाय सोडून बसू नका. कड शेवाळलेली असते, आत धरायला काही नसतं, खोली वरून कळत नाही. माझी चप्पल तिथे एकदा सटकली, माझा हात शेजारच्याने धरला म्हणून मी हे लिहितोय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे.

तिथून अळकुटी, बेल्हे करत आणे घाटाजवळच्या गुळुंचवाडीला या. ओढ्यावर दगडाचाच पूल आहे, माणसाने न बांधलेला. पाण्याने खालचा दगड झिजवून वाट काढली, वरचा तसाच राहिला. आधी पुलावरून चाला, मग खाली उतरून वर बघा, खालूनच तो कळतो. इथेही देवीचं ठाणं आहे. अर्धा तास पुरे. मुक्काम जुन्नरला, आणि जेवायला मासवडी मिळाली तर सोडू नका.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत नाणेघाट, कोकणात उतरणारी जुनी व्यापारी वाट. वाटेत चावंड किल्ल्याजवळ पूर गावात कुकडेश्वराचं कोरीव देऊळ आहे, कुकडीचा उगम तिथला मानतात. नाणेघाटात लोक कड्यावर फोटो काढून परततात, तसं करू नका. खिंडीतून खाली गुहेत जा. भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे, सातवाहनांच्या नागनिका राणीचा. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्यांच्या मूर्ती होत्या, आता वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा उरल्यात. खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. काल पाण्याने कोरलेला रांजण पाहिलात, हा माणसाने कोरलेला. दगड तोच.

गोष्ट अशी सांगतात की नाना आणि गुणा या भावांनी घाट कोण आधी खोदतो म्हणून पैज लावली, नाना जिंकला. बाजूचा उभा कडा तो नानाचा अंगठा. त्यावरून जीवधन किल्ला आणि शेजारच्या वानरलिंगी सुळक्याकडे बघा, थरांच्या पायऱ्या सरळ मोजता येतात. या खडकाला ट्रॅप म्हणतात तो शब्दही स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलाय. पावसाळ्यात इथे वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो. ते बघायचं तर कड्यापासून दहा पावलं मागे राहूनच बघा.

परतताना नारायणगावहून बोरी बुद्रुक. पुन्हा कुकडीचा काठ. दरडीत फिकट करड्या राखेचा थर आहे, गावात विचारलं की जागा दाखवतात. ही राख आपल्या लाव्ह्याची नव्हे. ती तीन हजारांहून जास्त किलोमीटरवरून, सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून उडत आलेली. उद्रेक नेमका कोणता यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचा म्हणतात, काही आठ लाखांच्या आसपासचा. आदिमानवाची दगडी हत्यारंही याच परिसरात सापडलीत. थर खरवडू नका, शेतकऱ्याला विचारल्याशिवाय बांधावरून उतरू नका. खाली सांडलेली चिमूटभर राख बोटांत घेऊन चोळा. पिठासारखी मऊ लागते, मधूनच कण बारीक टोचतो. ती काच आहे.