जाम कशानं झाला बे? पुढं तर काहीच नव्हतं!

परवा रविवारी संध्याकाळी पुण्याहून सोलापूरला येत होतो. टेंभुर्णी सोडली, रस्ता मोकळा, ८० चा स्पीड, आणि मोहोळच्या अलीकडं एकदम सगळे ठप्प. दहा मिनिटं फर्स्ट-सेकंड गिअरमधी रांगलो, मग आपोआप सुटलं. बघतोय तर ना ॲक्सिडेंट, ना पंक्चर ट्रक, ना उसाची ट्रॉली आडवी.

होतं काय, गर्दीत एक जण उगंच ब्रेकवर पाय ठेवतो, मागचा चिकटून असतो म्हणून तो जरा जास्त दाबतो, त्याच्या मागचा अजून जास्त, असं करत करत विसावा-पंचविसावा थेट थांबतोच. जपानमधी २००८ साली संशोधकांनी याचा प्रयोगच छापला. २३० मीटरच्या गोल ट्रॅकवर २२ गाड्या, सगळ्यांना ३० च्या स्पीडनं नीट चालवायला सांगितलं, सिग्नल नाही, वळणाचा घोळ नाही, तरी थोड्या वेळात जाम झाला. आणि तो जाम ताशी साधारण २० किमीनं मागं सरकत होता. म्हणजे मोहोळपाशी ब्रेक मारणारा अर्ध्या तासात सोलापुरात चहा पीत बसतो, आणि त्याचा ब्रेक तिकडं १० किमी मागं कुणाला तरी थांबवत असतो!

आता आपण काय करायचं. मेन गोष्ट अंतर. पुढची गाडी किलोमीटरच्या दगडापाशी गेली की एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन मोजा, त्याच्या आत आपण दगडापाशी पोचलो तर जास्त चिकटलोय. ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढं संपतं. नजर पुढच्या बंपरवर नको, त्याच्या पुढच्या दोन-तीन गाड्यांवर ठेवा, तिकडं लाल लाइट लागले की नुसता ॲक्सिलरेटर सोडा, बऱ्याचदा ब्रेक लागतच नाही आणि मागं सरकणारी ती ब्रेकची लाट तुमच्या गाडीपाशीच विरते. जाममधी पण पुढं जागा झाली की पळत जाऊन परत ब्रेक मारू नका, हळूहळू सरकत ऱ्हावा. मागचा हॉर्न वाजवणार, वाजवू द्या.

"अंतर ठेवलं की कुणीतरी घुसतंय की ओ!" घुसतंय, खरंय. घुसू द्या, एक गाडी घुसली की आपले दोन-तीन सेकंद जातात. तुम्ही लेन बदलत बसू नका, तुम्ही घुसलात की मागचा ब्रेक मारणारच.

पण उजव्या लेनमधी ४० नं रमतगमत जाणं म्हणजे अंतर ठेवणं न्हवं. आणि रात्री रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली दिसली तर लाट-बिट विसरा, सरळ ब्रेक दाबा, हजार्ड लावा. टोलनाक्याच्या रांगेत यातलं काही चालत नाही, तिथं गाणी लावून बसायचं.