पुस्तक वाचलेल्यांनी मालिका कशी बघावी

माझे बाबा १९९४ साली 'चंद्रकांता' बघताना जे करायचे, ते करू नका. एवढं जमलं तर पुढचं वाचायचीही गरज नाही. देवकीनंदन खत्रींची १८८८ सालची ती कादंबरी त्यांनी हिंदीतून दोनदा वाचलेली. रविवारी सकाळी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात दूरदर्शन लागलं, की दर पाच मिनिटांनी सुरू: "पुस्तकात असं नाहीये." खलनायक क्रूरसिंगाचं 'यक्कू' हे पालुपद तर पुस्तकात कुठेच नाही, म्हणून त्या नटावर त्यांचा खास राग. शेवटी आई म्हणाली, "तुमचं पुस्तक कपाटात ठेवा न जी, मला यक्कू पाहू द्या."

मी मोठी झाले आणि हुबेहूब बाबा झाले. घरात 'गेम ऑफ थ्रोन्स' पहिल्यांदा लावलं (जॉर्ज मार्टिनची ती जाडजूड पुस्तकं मी वाचलेली), तेव्हा भाचा एका पात्रावर फिदा. मी सहज बोलून गेले, "याच्यावर फार जीव लावू नको रे." चार दिवस त्याने माझा फोन उचलला नाही. कोणतं पात्र ते इथेही सांगत नाही, एकदा हात पोळलेत. त्यानंतर जी पद्धत बसवली ती अशी.

मालिका यायच्या आधी पुस्तक पुन्हा वाचू नका. सगळ्यांना नेमका तेव्हाच उत्साह येतो. ताजं वाचून बसलात की तुम्ही बघत नाही, ऑडिट करता. नंतर वाचा, खुशाल वाचा.

त्याऐवजी अर्धा तास हिशोब करा. 'व्हील ऑफ टाइम' या कादंबरीमालेचे मुख्य खंड १४, आणि मालिकेच्या एका सीझनचे भाग ८. म्हणजे काटछाट होणारच, प्रश्न फक्त कात्री कुठे लागते एवढाच. शिवाय २०२५ मध्ये ती तीन सीझनांवर बंदच पडली. 'रिंग्ज ऑफ पॉवर' बघताना हे ठाऊक हवं, की तिच्या निर्मात्यांकडे 'सिल्मरिलियन'चे, म्हणजे टॉल्किनच्या ज्या पुस्तकात तो जुना इतिहास सविस्तर आहे त्याचे, हक्क नाहीत. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टांमधल्या नोंदींवर त्यांना गोष्ट उभी करायची होती. हे कळल्यावर माझी निम्मी चिडचिड गेली. उरलेली आहे अजून.

आता बैठकीची व्यवस्था. ही हलक्यात घेऊ नका. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा आठवा, शेवटचा सीझन २०१९ च्या एप्रिल-मे मध्ये आला. अमेरिकेत रविवारी रात्रीचे ९, म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळचे ६.३०. नागपुरात त्या वेळी ऊन अंगणात उतरलेलं असतं. तिसरा भाग रात्रीच्या लढाईचा, ८२ मिनिटांचा, आणि इतका काळोखा की जगभर लोकांनी बोंब मारली. आमच्याकडे तर खिडकीतल्या कूलरच्या ताट्यांमधून उजेडाच्या रेघा थेट पडद्यावर. भाच्याने बाहेरून ताट्यांवर चादर टाकली, तर हवा कोंदली. चादर काढली, तर अर्धं सैन्य गायब. शेवटी टीव्ही उचलून देवघराच्या बिनखिडकीच्या खोलीत नेला. मेलेल्यांची फौज चालून येताना आईने देवांसमोरचा पडदा ओढून घेतला. घामाच्या धारा लागल्या, पण दिसलं सगळं. तेव्हा टीव्ही कुठे ठेवायचा ते आदल्या रात्रीच ठरवा. कूलर चालू ठेवणार असाल तर सबटायटल्स लावाच, संवाद ऐकू येत नाहीत.

पुस्तक वाचलेल्याने मागे बसायचं. पुढे बसलात तर लोक तुमचा चेहरा वाचतात. तिसऱ्या सीझनच्या त्या बदनाम लग्नाच्या भागात मी नुसती उशी छातीशी धरली, तर भाचा लगेच म्हणाला, "मावशी, आता कोण मरतंय?"

आणि बोलायचं नाही, लिहायचं. माझ्याकडे एलआयसीची जुनी डायरी आहे. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे 'बदललं', उजवीकडे 'बिघडवलं'. हात आधी उजवीकडेच जातो, म्हणून नियम असा: का बदललं असेल याचं एकही कारण सुचत असेल, तर नोंद डावीकडे. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पुस्तकात टिरियन या पात्राचं नाक लढाईत कापलं जातं, मालिकेत चेहऱ्यावर नुसता व्रण. वर्षानुवर्षं प्रत्येक दृश्यात बिननाकाचा चेहरा सांभाळायचा म्हणजे केवढा व्याप! डावीकडे. मुलांची वयं वाढवली. डावीकडे, आणि बरं केलं असं शेजारी लिहिलंय. पुस्तकातली लेडी स्टोनहार्ट मालिकेत आणलीच नाही. उजवीकडे, दोनदा अधोरेखित. नायकांपैकी एक असलेल्या पेरिनला 'व्हील ऑफ टाइम'मध्ये पुस्तकात नसलेली बायको दिली आणि पहिल्याच भागात त्याच्याच हातून मारली. इथे पेन कागद फाडून गेलंय. पेरिनचं दुःख लवकर दाखवायचं होतं हे कारण मला सुचतं, नियमाने नोंद डावीकडे जायला हवी. गेली नाही. माझी डायरी आहे.

भाग संपला की आधी तर्री पोहे. पोटात तर्री गेल्याशिवाय वाद सुरू करायचा नाही आणि पहिलं बोलायचं न वाचलेल्याने. हा नियम मी केला, पण त्याचा खरा फायदा मलाच झाला. न वाचलेला माणूस भलतंच काही बघून बसलेला असतो. आईला 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या आठ सीझनांत सगळ्यात जास्त कोण आवडलं? होडोर. "एकच शब्द बोलतो बिचारा, पण कामाचा."

नटनट्यांना शिव्या घालणारे संदेश पाठवू नका, संवाद त्यांनी लिहिलेले नसतात. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवटचा सीझन पुन्हा बनवा, अशा अर्जावर २०१९ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या, तरी एक दृश्य बदललं नाही. माझीही सही आहे त्यात.

आता 'हॅरी पॉटर'ची मालिका येऊ घातलीय. मी ती पुस्तकं वाचलेली नाहीत, भाच्याची पाठ आहेत. म्हणून डायरी त्याला दिली, मी आईच्या शेजारी पुढे बसणार. परवा घरी गेले तेव्हा सहज उघडून पाहिली. मालिका सुरू व्हायच्या आधीच त्याची उजवीकडची दोन पानं भरलीत.