पोराचा फुटबॉल कोच कसा पारखायचा आणि त्याच्याशी भांडण न करता कसं बोलायचं

गोव्यात पोराला फुटबॉलला घातलं की कोच बहुतेक ओळखीतलाच निघतो. मेहुण्याच्या वर्गातला असतो, नाहीतर शाळेतला पीटी सर, नाहीतर बायकोच्या माहेरच्या वाड्यावरचा. त्यामुळे डिचोली घ्या की पेडणे घ्या, पालक सरांच्या तोंडावर काही बोलत नाहीत आणि गाडीत बसल्यावर सगळं बोलतात, तेही मागच्या सीटवरच्या पोराच्या देखत. यावर उपाय आहे, पण आधी कोच खरंच कसा आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागतं.

त्यासाठी मॅच बघून उपयोग नाही, प्रॅक्टिस बघा. आपण नेमकं उलटं करतो, प्रॅक्टिसला पोराला गेटवर सोडून स्कूटर वळवतो आणि मॅचला अख्खं खानदान घेऊन जातो. एक दिवस पूर्ण सेशन बसा आणि फक्त आपल्या पोराकडे बघा, दहा मिनिटांत त्याच्या पायाला बॉल किती वेळा लागला ते मोजा. पंधरा पोरं एका लायनीत, एक जण शूट मारतो आणि परत लायनीच्या शेवटी जातो, असं तासभर चाललं असेल तर तुम्ही रांगेत उभं राहायची फी भरताय. चांगल्या सेशनला बॉल भरपूर, लायनी छोट्या, आणि चारविरुद्ध चार, पाचविरुद्ध पाच असे लहान गेम असतात. आठ ते बारा वर्षांच्या पोरांना चार नंबरचा बॉल लागतो, पाच नंबरचा दिसला तर सहज विचारा.

धेंपो, साळगावकर, चर्चिल या गोव्यातल्या क्लबांची नावं ऐकतच आपण वाढलो, त्यामुळे 'माजी प्लेयर' म्हटलं की आपण लगेच हात जोडतो. खेळणं वेगळं, शिकवणं वेगळं. लायसन्स विचारायला लाजू नका, एआयएफएफची, म्हणजे देशाच्या फुटबॉल महासंघाची, कोचिंग लायसन्सची उतरंड खालून वर डी, सी, बी, ए आणि प्रो अशी आहे. डी म्हणजे सुरुवातीचा काही दिवसांचा कोर्स, त्यावर फार भाळू नका, पण तेवढाही केला नसेल तर का नाही हे विचारायचा हक्क आहे.

माझ्या मते कोचची खरी परीक्षा बेंचवर होते, म्हणजे तो कोणाला खेळवतो आणि कोणाला बाहेर बसवतो त्यात. वयोगटाची कट-ऑफ साधारण १ जानेवारीची असते, म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला एकाच टीममध्ये, आणि बारा वर्षांच्या पोरांत वर्षभराचा फरक म्हणजे खांदाभर उंचीसुद्धा असू शकते. मोठ्या अंगाची पोरं निवडून लांब बॉल मारले की अंडर-१३ मध्ये ट्रॉफी मिळते, पेपरात फोटोही येतो, पण तीन-चार वर्षांनी बाकीचे उंच झाले की त्यातल्या कित्येकांकडे फर्स्ट टच, म्हणजे आलेला बॉल पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणं, नसतो. म्हणून शोकेसमधल्या ट्रॉफ्या मोजू नका, बारक्या पोराला सर किती खेळवतात ते बघा, आणि तो चुकला की त्याला काय सांगतात ते ऐका. नुसतं ओरडतात की पुढच्या वेळी काय करायचं तेही सांगतात?

गोलकीपरच्या आईबाबांनी जास्त लक्ष द्यावं. १९९७ साली अर्जुन पुरस्कार मिळालेले गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर आपल्याच गोव्याचे, पण आजही कितीतरी ठिकाणी कीपरला वेगळं ट्रेनिंग नसतं, त्याला जाळीपुढे उभं करून सगळ्यांनी शॉट मारायचे एवढंच.

आता बोलायचं कसं. मॅचच्या दिवशी अजिबात नाही, जिंकलात तरी नाही. रविवारी मॅच असेल तर मंगळवारी प्रॅक्टिसच्या आधी पाच मिनिटं मागा, आणि 'माझ्या पोराला का नाही खेळवलं' असं न विचारता 'टीममध्ये यायला त्याने काय सुधारायला हवं' असं विचारा. ज्या कोचचं पोराकडे लक्ष आहे तो लगेच सांगेल, डावा पाय कच्चा आहे, बॉल यायच्या आधी मान वर करून बघत नाही, असं काहीतरी नेमकं. 'मेहनत करायला सांगा' एवढंच उत्तर आलं तर तेही उत्तरच समजा. दुसऱ्याच्या पोराचं नाव या बोलण्यात काढायचं नाही, ते संध्याकाळपर्यंत त्याच्या घरी पोचतं. तेरा-चौदाच्या पुढे तर पोरालाच विचारू द्या, तुम्ही मागे उभे राहा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फक्त टायमिंग आणि जर्सीच्या पैशांसाठी.

लायनीबाहेरून 'मार रे, मार!' ओरडणंही बंद करा. सर पास शिकवतायत, बाबा शूट सांगतायत, पोराने कोणाचं ऐकायचं?

काही गोष्टींत मात्र भीड ठेवायची नाही. वाढत्या वयात गुडघ्याखालचं हाड दुखतं, टाच दुखते, हे खूप पोरांना होतं, आणि दुखत असताना इंजेक्शन देऊन किंवा पट्टी बांधून खेळवणारा कोच नको म्हणजे नको. मारहाण, घाणेरडं बोलणं, रात्री एकट्या मुलाला किंवा मुलीला मेसेज, तिथे मंगळवारची वाट बघू नका, लगेच संस्थेकडे जा, आणि पोलीस किंवा चाइल्ड हेल्पलाइन १०९८. ओळखीचा आहे म्हणून गप्प बसायचं नाही.

आणि अकॅडमी बदलायचीच ठरली तर आधी पोराचं रजिस्ट्रेशन एआयएफएफच्या सिस्टीममध्ये कोणत्या क्लबच्या नावावर आहे ते बघून घ्या. कित्येक पालक फॉर्म न वाचता सही करतात आणि नवीन क्लबकडे गेल्यावर कळतं की नाव जुन्या क्लबकडेच आहे. शक्यतो सीझन संपू द्या, राहिलेली फी भरा, सरांना दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आधी स्वतः जाऊन सांगा, आणि ट्रान्सफरचं काम कोण करणार, कधीपर्यंत करणार ते दोन्ही क्लबकडून मेसेजवर लिहून घ्या.