घरासाठी कर्ण्याचा लाऊडस्पीकर: आधी माप, मग रूप

कर्ण्याचा लाऊडस्पीकर देखणा व्हावा असे वाटत असेल, तर रंग, लाकूड आणि पॉलिश यांचा विचार सर्वांत शेवटी करावा. त्याचे रूप मुख्यतः मुखाचा व्यास, भिंतीची वक्ररेषा आणि खालच्या वूफरशी, म्हणजे खर्जाच्या स्पीकरशी, साधलेले प्रमाण यांवर ठरते, आणि यातले बरेचसे ध्वनिशास्त्राने आधीच ठरवून दिलेले असते.

कर्णा हा ड्रायव्हरचा, म्हणजे ध्वनी निर्माण करणाऱ्या मागच्या घटकाचा, छोटा पडदा आणि खोलीतली मोकळी हवा यांना जोडणारा दुवा असतो. गळ्याशी, म्हणजे ड्रायव्हरकडच्या अरुंद टोकाशी, दाब जास्त आणि क्षेत्रफळ कमी असते; मुखाकडे जाताना दाब उतरत जातो आणि क्षेत्रफळ वाढत जाते. हा बदल हळूहळू घडल्यामुळे पडद्याला हवेवर चांगली पकड मिळते. पेटीत बसवलेला साधा स्पीकर मिळालेल्या विद्युत शक्तीपैकी जेमतेम 1 टक्क्याच्या आसपास शक्ती ध्वनीत उतरवतो, तर चांगल्या कर्ण्यात हे प्रमाण 10 ते 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला फार कमी हलावे लागते आणि स्वर स्वच्छ राहतो. मात्र प्रत्येक कर्ण्याची एक खालची मर्यादा असते. त्या वारंवारतेखाली हा आधार सुटतो.

म्हणून आराखड्याची सुरुवात त्या मर्यादेपासून करावी. मुखाचा परीघ मर्यादा-वारंवारतेच्या तरंगलांबीएवढा असावा, हा गोल कर्ण्यासाठी उपयोगी नियम आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला 344 मीटर धरला, तर 320 हर्ट्झची तरंगलांबी सुमारे 107 सेंटीमीटर येते आणि मुखाचा व्यास 34 सेंटीमीटर ठरतो. हाच हिशेब 50 हर्ट्झसाठी केला, तर व्यास जवळजवळ 2.2 मीटर येतो. अमेरिकी अभियंते पॉल क्लिप्श यांनी 1940 च्या दशकात दुमडलेला खर्जाचा कर्णा खोलीच्या कोपऱ्यात ठेवून दोन भिंती आणि जमीन यांनाच त्याचा पुढचा भाग बनवले, ते या मापावर उत्तर म्हणूनच. तुमच्या खोलीत डाव्या-उजव्या स्पीकरसाठी दोन कोपरे मोकळे नसतील, तर खर्ज साध्या पेटीतल्या वूफरकडे सोपवावा आणि मधल्या व वरच्या स्वरांसाठीच कर्णा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रूप आणि आवाज यांची खरी गाठ येथेच पडते. 15 इंची वूफरचा व्यास सुमारे 38 सेंटीमीटर असतो. त्याच्यावर 34 सेंटीमीटरचा गोल कर्णा ठेवला की दोन वर्तुळे एकमेकांना शोभतात. शिवाय जवळपास सारख्या आकारामुळे दोघांचा आवाज 600 हर्ट्झच्या आसपास साधारण सारख्याच रुंदीने पसरतो, म्हणून क्रॉसओव्हरचा, म्हणजे वूफरकडून कर्ण्याकडे स्वर सोपवण्याचा, सांधा खोलीत बाजूला बसलेल्यालाही फारसा जाणवत नाही. दोघांच्या केंद्रांतील अंतर 40 सेंटीमीटरच्या आसपास ठेवावे. 600 हर्ट्झच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे 57 सेंटीमीटरपेक्षा, ते बरेच कमी आहे. कर्ण्याचा अक्ष बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या उंचीला आणावा आणि ऐकण्याची जागा निदान अडीच ते तीन मीटर दूर असावी, म्हणजे दोन्ही आवाज एकजीव होतात.

भिंतीच्या वक्ररेषेसाठी ट्रॅक्ट्रिक्स नावाची भूमितीय रेषा निवडावी. ब्रिटिश अभियंते पॉल व्हॉइग्ट यांनी 1920 च्या दशकात कर्ण्यासाठी वापरलेली ही रेषा मुखाशी अक्षाला काटकोन करून उघडते, आणि तिचे ते फुलासारखे उमलणे मला कुठल्याही नक्षीपेक्षा सुंदर वाटते. 2 इंची गळ्याच्या ड्रायव्हरसाठी वरच्या मापाच्या कर्ण्याची लांबी सुमारे 27 सेंटीमीटर येते. मुखाची कड मात्र तशीच धारदार सोडू नये. ती मागे गोलाकार वळवावी. मुखाशी ध्वनी अचानक मोकळा झाला की त्याचा काही भाग गळ्याकडे परततो, आणि कर्ण्यांवर ज्या नळीतून बोलल्यासारख्या आवाजाचा आरोप होतो त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

बांधणीसाठी 18 मिलिमीटर प्लायवूडची कडी एकावर एक चिकटवून, वक्ररेषेच्या पत्र्याच्या साच्याशी ताडून पाहत, ती लेथवर कातून घ्यावीत. अशी 15 कडी पुरतात, आणि कातल्यावर थरांच्या रेषा आतून सुरेख दिसतात. ड्रायव्हर जिथे बसतो तिथे पायरी राहता कामा नये, कारण वरच्या स्वरांना लहानशी पायरीही अडते. भिंत बोटाने ठोकून पाहावी. ती घुमत असेल तर बाहेरून जाडी वाढवावी.

क्रॉसओव्हर 600 हर्ट्झला ठेवायचा असल्यामुळे ड्रायव्हर तेवढा खाली उतरू शकतो का, हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात आधी पाहावे. स्वर वाटून देणारा फिल्टर तीव्र उताराचा, म्हणजे नको ते स्वर झपाट्याने कमी करणारा, असावा. डिजिटल फिल्टर वापरत असाल तरी ड्रायव्हरच्या मालिकेत एक संरक्षक कपॅसिटर ठेवावा. कर्णा वूफरपेक्षा सहज 10 डेसिबल जास्त संवेदनशील असतो, म्हणजे तेवढ्याच शक्तीत जास्त मोठा वाजतो, म्हणून त्याची पातळी उतरवावी लागते, आणि त्याचा पडदा 27 सेंटीमीटर मागे राहिल्यास वूफरला सुमारे 0.8 मिलिसेकंदाचा विलंब द्यावा लागतो. हे सर्व मायक्रोफोनने मोजून आणि ओळखीचे गाणे काही आठवडे ऐकून पक्के झाल्यावरच पॉलिशचा शेवटचा हात द्यावा, कारण तोवर आधाराची उंची आणि कर्ण्याचा कोन बदलण्याची गरज बहुधा पडतेच.