विम्यावरचं संशोधन सेमिनारमध्ये मांडताना

विमा-अर्थशास्त्राच्या सेमिनारमध्ये पहिला प्रश्न कोणता येणार ते मी आधीच सांगून ठेवते: ‘हे अ‍ॅडव्हर्स सिलेक्शन की मॉरल हॅझर्ड?’ मोठा विमा घेणाऱ्यांचे दावे जास्त, एवढंच तुमच्या आकड्यांत दिसत असेल तर दोन्ही शक्यता उरतात. मुळात जास्त जोखमीची माणसं मोठा विमा घेत असतील (अ‍ॅडव्हर्स सिलेक्शन), किंवा विमा हाती आल्यावर माणसं निर्धास्त होत असतील (मॉरल हॅझर्ड). याची फोड कशी केली ते पहिल्या पाच मिनिटांत सांगा. माझे विद्यार्थी ती स्लाइड शेवटासाठी राखून ठेवू पाहतात. मी पुढे आणायला लावते. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या आरोग्यविमा प्रयोगात कुटुंबांना वेगवेगळ्या योजना यादृच्छिक पद्धतीने दिल्या होत्या, म्हणजे निवड त्यांच्या हाती नव्हती. तुमच्याकडे असं काही नसेल तर त्याची जागा कशाने भरली, हप्त्यातल्या अचानक बदलाने की नियमातल्या वयोमर्यादेने, हे एका वाक्यात सांगता यायला हवं.

त्यानंतर एक साधा तक्ता दाखवा: हप्ता ठरवताना कंपनीला ग्राहकाबद्दल काय ठाऊक होतं, आणि त्यातलं तुमच्या डेटात काय आहे. माझ्या दृष्टीने ही सर्वांत मोलाची स्लाइड. कंपनी वयानुसार हप्ता लावत असेल आणि तुम्ही वय गाळलंत, तर तुम्हाला सापडलेली ‘लपलेली माहिती’ कंपनीपासून लपलेली नसतेच. कियापोरी आणि सालानिए यांनी २००० साली फ्रान्समधल्या नवख्या वाहनचालकांच्या बाबतीत नेमकी ही काळजी घेतली, आणि विम्याची व्याप्ती व अपघात यांत संबंध दिसला नाही.

मात्र संबंध शून्य आला म्हणून खासगी माहिती, म्हणजे ग्राहकाला ठाऊक पण कंपनीला नाही अशी माहिती, नाहीच, असं म्हणू नका. फिंकेलस्टाइन आणि मॅकगॅरी यांनी २००६ मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्यात दाखवलं की काही जण स्वतःची जोखीम ओळखून विमा घेतात, तर काही केवळ सावध स्वभावामुळे. या दुसऱ्या गटाला शुश्रूषेची गरज कमी पडते. दोन्ही परिणाम एकमेकांना झाकून टाकतात. तुमचा निकाल शून्य असेल तर ही शक्यता तुम्हीच आधी मांडा.

दावा आणि अपघात एकच धरू नका. डिडक्टिबल म्हणजे नुकसानीतला ग्राहकाने स्वतः सोसायचा पहिला हिस्सा. ७०० च्या नुकसानीवर ५०० डिडक्टिबलवाला दावा करतो, १००० वाला करत नाही. दोघं सारखीच गाडी चालवत असले तरी. म्हणून तुलना मोठ्या डिडक्टिबलच्या वरच्या दाव्यांपुरतीच करा.

मॉडेलसाठी रॉथ्सचाइल्ड-स्टिग्लिट्झची १९७६ ची आकृती, म्हणजे अ‍ॅडव्हर्स सिलेक्शन असलेल्या विमा बाजाराचं चित्र, फळ्यावर हाताने काढा: आडव्या अक्षावर अपघात न झाल्यास हाती राहणारा पैसा, उभ्यावर झाल्यास राहणारा. आधी ४५ अंशांची रेषा (तिच्यावर दोन्ही स्थितींत हाती सारखाच पैसा, म्हणजे पूर्ण विमा), मग बाकीचं. छापील आकृती डोळ्यांसमोरून निघून जाते.

जोखीम टाळण्याचा नुसता गुणांक (माणूस जोखमीला किती बिचकतो ते दाखवणारा आकडा) सांगून पुढे जाऊ नका, त्याचे पैसे करून सांगा. सिडनर यांच्या २०१० च्या लेखातले अमेरिकी घरमालक डिडक्टिबल १००० वरून ५०० डॉलरवर आणायला साधारण १०० डॉलर मोजत होते, आणि त्यातून मिळणारं अपेक्षित संरक्षण होतं जेमतेम २५ डॉलरचं. हे ऐकल्यावर अर्थशास्त्राच्या कुठल्याही शाखेचा श्रोता प्रश्न विचारू शकतो.

प्रश्न आलाच तर दाखवायच्या राखीव स्लाइड तीनच पुरतात: दाव्यांची किमान मर्यादा बदलून काढलेला निकाल, मध्येच पॉलिसी सोडणाऱ्यांचा हिशेब, आणि पहिल्याच वर्षातल्या ग्राहकांचा वेगळा निकाल.