ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यांची झीज : गेम खेळताना या चुका टाळा

ग्राफिक्स कार्डात सतत फिरणारा भाग म्हणजे पंखा, त्यामुळे चिप ठणठणीत असतानाही आधी झिजतो तो पंखाच. पण बरेच जण त्याची सेटिंग एकदा करतात आणि विसरून जातात.

काही जण पंखा कायम 100 टक्क्यांवर ठेवतात. एका मर्यादेनंतर वेग वाढवूनही तापमान फारसे उतरत नाही. आवाज आणि बेअरिंगची (पंख्याचा दांडा ज्यात फिरतो त्या भागाची) झीज मात्र वाढते, शिवाय धूळही जास्त ओढली जाते. निपाणीत तंबाखूच्या वखारीजवळ राहणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने टाळावे. याउलट, आवाज नको म्हणून वेग फार कमी ठेवला, तर तापलेली चिप स्वतःच आपला वेग उतरवते आणि गेम अडखळू लागतो.

सर्वांत दुर्लक्षित चूक मात्र वेगळीच आहे. अनेक कार्डांचे पंखे साधारण 50 ते 60 अंशांपर्यंत बंदच राहतात. ही सोय चांगली आहे. परंतु हलका गेम चालू असताना तापमान त्याच सीमेवर घुटमळत राहिले, तर पंखा दर काही मिनिटांनी चालू-बंद होतो. साध्या स्लीव्ह बेअरिंगमध्ये दांडा फिरू लागल्यावरच तेलाचा पातळ थर नीट तयार होतो, त्यामुळे प्रत्येक सुरुवातीला धातूवर धातू घासला जातो. यावर उपाय सोपा आहे : एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये फॅन कर्व्हसोबत (कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा हे ठरवणारा आलेख) असलेली हिस्टेरेसिस 4-5 अंशांवर ठेवावी, म्हणजे तापमान तेवढे उतरल्याशिवाय पंखा मंदावत नाही; किंवा पंखा किमान 30 टक्क्यांवर सतत फिरता ठेवावा. 60 अंशांना 45 टक्के आणि 75 अंशांना 65 टक्के ही सुरुवात बहुतेक कार्डांना चालते.

खोलीचे तापमान जितके वाढते, जवळजवळ तितकेच कार्डाचेही वाढते. म्हणून बेळगावच्या डिसेंबरमधील थंडीत बसवलेला कर्व्ह एप्रिलमध्ये, विशेषतः अथणीकडच्या कडक उन्हाळ्यात, पुन्हा तपासावाच लागतो.

साफसफाई करताना ब्लोअरचा झोत थेट पंख्यावर मारू नका. पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा ठरलेल्या वेगापेक्षा जास्त गरगरतो आणि बेअरिंग दुखावते. हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पट्ट्यांत साचलेली धूळ खानापूरसारख्या दमट हवेत चिकटून बसते. ती मऊ ब्रशने सोडवून मगच हवा मारावी.

खरखर ऐकू आल्यास संगणक बंद करून, प्लग काढून पाते बोटाने हलकेच फिरवून पाहा. ते अडखळत असेल किंवा मधला गोल भाग डगमगत असेल, तर बेअरिंग गेले असे समजावे; शिलाई मशीनचे तेल सोडल्याने आवाज तेवढ्यापुरता दबेल, पण झीज भरून येणार नाही. पंखे सुरळीत फिरत असूनही हॉटस्पॉट (चिपवरील सर्वांत तापलेली जागा) आणि चिपच्या एकूण तापमानातील फरक पूर्वीपेक्षा बराच वाढला असेल, तर दोष बहुधा थर्मल पेस्टचा, म्हणजे चिप आणि हीटसिंक यांच्यामधल्या उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाचा असतो. नवा पंखा घेताना जुन्याच्या मध्यावरील स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक, कनेक्टरच्या पिना आणि स्क्रूच्या छिद्रांतील अंतर जुळवून घ्यावे. वॉरंटी शिल्लक असल्यास कार्ड उघडण्यापूर्वी दुकानदाराला अवश्य विचारावे.