स्नोबोर्ड विमानाने गुलमर्गला नेताना

मुंबई-पुण्याहून दोन-तीन दिवसांसाठीच गुलमर्गला निघाला असाल, तर स्नोबोर्ड, म्हणजे बर्फावरून घसरायची फळी, तिथेच भाड्याने घ्या. बूट मात्र स्वतःचे न्या. दुसऱ्याच्या पायाला सरावलेल्या बुटांनी टाचा सोलवटतात. तरीही बोर्ड न्यायचाच असेल, तर तयारी अशी करा.

तिकीट काढतानाच क्रीडासाहित्य असल्याचं विमान कंपनीला कळवा. बोर्ड दीड मीटरच्या आसपास लांब असतो, त्यामुळे तो नेहमीच्या बॅगेच्या मापात बसत नाही. देशांतर्गत इकॉनॉमीत बहुधा 15 किलो सामान चालतं. बोर्ड, बाइंडिंग (बूट बोर्डाला जखडून ठेवणारी पकड), बूट आणि पिशवी यांतच नऊ-दहा किलो संपतात, म्हणून वजन घरीच करा.

बाइंडिंगच्या कोनांचा फोटो काढा, मग ती सोडवा. स्क्रू एका डबीत घालून डबी बुटात ठेवा. स्क्रूड्रायव्हर चेक-इन सामानातच जाईल.

बोर्डाची पोलादी धार कोरडी पुसा. एसी दुरुस्तीवाले तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम मिळाला तर उत्तम. तो उभा चिरून धारेवर बसवा, म्हणजे धारही वाचते आणि कपडेही फाटत नाहीत. पण खरी काळजी दोन्ही टोकांची घ्या. पिशवी उभी आपटली की मार तिथेच बसतो. जाड जॅकेटं, थर्मल, जे मऊ असेल ते टोकांना कोंबा. बूट आणि बाइंडिंग मधोमध. लोंबणारे पट्टे आत खोचा, नाहीतर ते सरकत्या पट्ट्यात अडकतात. नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी आतही ठेवा.

हेल्मेट आणि त्यात गॉगल, दोन्ही केबिन बॅगेत. पॉवर बँक आणि कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्याही केबिनमध्येच, हा नियम आहे. हिमस्खलनात फुगणाऱ्या एअरबॅगच्या गॅस सिलिंडरला कंपनीची आगाऊ परवानगी लागते. बोर्डाचं मेण चालतं, पण ते पुसायचं ज्वलनशील द्रावण घरीच ठेवा.

परतीला श्रीनगर विमानतळाच्या इमारतीच्या बरंच आधी, फाटकावर सगळं सामान गाडीतून उतरवून तपासतात. पिशवी उघडायला सांगू शकतात, त्यामुळे चिकटपट्टीने गुंडाळून ठेवू नका आणि वेळ हाताशी ठेवा. ओलं सामान जड होतं. आदल्या रात्री बूट बुखारीजवळ (खोली गरम करायची काश्मिरी शेगडी), पण चिकटून नव्हे, वाळवा. घरच्या विमानतळावर पिशवी मिळताच तिथेच उघडून पाहा. काही मोडलं असेल तर बाहेर पडण्याआधी लेखी तक्रार द्या. नंतर दाद मिळवणं अवघड जातं.